गोल्डन रॉड: लागण कधी, शेंडा कधी खुडायचा आणि कुठे मुळीच लावू नये

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस गोल्डन रॉड या पिवळ्या तुऱ्यांच्या फुलझाडाबद्दल विचारणा सुरू होते आणि तक्रारी ठरलेल्या चारच असतात. झाड पाच फूट गेलं आणि लोळलं. झाड हिरवंगार आहे, पण कळीच धरत नाही. श्रावणात ताठ उभं होतं, भाद्रपदात बुडातून कुजलं. चौथी तक्रार दोन वर्षांनी येते: हे आता सगळ्या बागेत पसरलंय, काढू कसं?

लोक यावर खत विचारतात, औषध विचारतात. पण चारही तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते, योग्य काम चुकीच्या महिन्यात झालेलं असतं. म्हणून इथे कामं महिन्यांच्या क्रमानं दिली आहेत. एखादी पायरी हुकली तर मधूनच पुढची उचलू नका. त्या वर्षी झाड कुंडीत सांभाळा आणि पुढच्या हंगामाला नीट सुरुवात करा.

कामाला लागण्याआधी झाडाच्या दोन सवयी माहीत हव्यात. हे मूळचं उत्तर अमेरिकेतल्या गवताळ मैदानांवरचं बहुवर्षायू झाड. शेवंतीच्याच कुळातलं, आणि शेवंतीसारखंच दिवस लहान होऊ लागला की कळी धरणारं. तिकडे जूनमधला दिवस पंधरा तासांचा असतो, त्यामुळे झाडाला उंच वाढायला भरपूर अवधी मिळतो. आपल्याकडे सातारा-सांगलीत सर्वांत मोठा दिवससुद्धा तेरा तासांच्या थोडा वर जातो. म्हणजे वाढीचा काळ इथे आखूडच. तो वाया घालवला की वीतभर झाडाला चार पिवळे ठिपके येतात आणि हंगाम संपतो. दुसरी सवय जमिनीखालची. बुडापासून चहूकडे आडव्या काश्या, म्हणजे मुळं धरलेले कोंब, सुटतात आणि दरवर्षी घेर वाढत जातो. पहिली सवय सांभाळली तर फूल येतं, दुसरी सांभाळली तर शेजारची झाडं वाचतात.

## १. आधी जागा, आणि काही ठिकाणी सरळ नकार

कास, बामणोली, ठोसेघर, चाळकेवाडी, मेढ्याच्या वरची गावं, महाबळेश्वर-पाचगणी: या पट्ट्यात गोल्डन रॉड जमिनीत लावू नका. माझ्या मते कुंडीतही नको. युरोप आणि चीनमध्ये हे झाड बागेतून निसटून माळरानं व्यापून बसलं आहे. बी म्हातारीसारखं वाऱ्यावर उडतं, आणि एका जोमदार दांड्यावर दहा हजारांच्या वर बी धरू शकतं. कासच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, मातीचा थर बोटभर असतो आणि तिथल्या वनस्पती त्या बोटभर मातीवरच जगतात. तिथे बाहेरचं चिवट झाड पोचलं तर कोण मागे हटेल हे सांगायला नको. पिवळ्या फुलांची हौस असेल तर भाद्रपदात वर जाऊन सोनकी पाहावी आणि तशीच ठेवून यावी.

सातारा शहर, वाई, कराड, कोरेगाव, फलटण, आणि सांगलीकडे मिरज, तासगाव, विटा, इस्लामपूर इथल्या घराच्या आवारात, मी पुढे सांगतो तशी कड घालून, लावायला हरकत नाही. ओढ्याच्या किंवा कृष्णा-वारणेच्या काठाला लागून बाग असेल तर मात्र फक्त कुंडीत लावा, आणि ती कुंडी वरच्या मजल्यावर ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर ज्यांनी पाहिला त्यांना कारण समजावं लागणार नाही. पाण्याबरोबर वाहून गेलेली काशी जिथे गाळात रुतते तिथे फुटते.

जागा ठरवताना तीन गोष्टी पाहा.

ऊन: किमान सहा तास थेट. भिंतीच्या उत्तरेला किंवा आंब्याखाली लावलं की झाड उजेडाकडे झुकतं आणि लोळण्याची सुरुवात तिथेच होते.

निचरा: फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा घ्या. पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी चार तासांत जिरलं तर जागा चांगली. सांगलीच्या काळ्या मातीत ते दुसऱ्या दिवशीही तसंच दिसेल. त्याचा उपाय चौथ्या टप्प्यात आहे. जमिनीवर उन्हाळ्यात पांढरा थर येत असेल, म्हणजे माती क्षारपड असेल, तर ती सुधारण्याच्या नादी लागू नका. बाहेरची माती आणून वाफा उंच करा.

रात्रीचा उजेड: हे कुणी पाहतच नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझी पहिली ओळ फाटकापासून पायऱ्यांपर्यंत होती, सात झाडं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पायऱ्यांकडची चार पिवळीधमक झाली होती आणि फाटकाजवळची तीन नुसती हिरवी, दांडा वाढतोच आहे. खत तेच, पाणी तेच. संध्याकाळी दिवा लावायला गेलो तेव्हा लक्षात आलं, फाटकाच्या खांबावरचा दिवा रात्रभर त्या तिघांवर पडत होता. झाडाच्या लेखी रात्र होतच नव्हती, मग दिवस लहान झाला हे त्याला कळणार कसं? दिव्याला रस्त्याच्या बाजूला उजेड पडेल असं पत्र्याचं झाकण केलं. पुढच्या वर्षी सातही झाडं एकाच आठवड्यात फुलली.

तपासा: रात्री दहा वाजता निवडलेल्या जागी उभे राहा. हातातला कागद वाचता येत असेल तर जागा बदला किंवा दिव्याला आडोसा करा.

## २. काश्या कुठून आणायच्या (मध्य जानेवारी ते फेब्रुवारी)

बी पेरू नका. उगवण सावकाश आणि विषम होते, आणि येणारं प्रत्येक झाड वेगळ्या उंचीचं निघतं. फुलवाल्याकडच्या जुडीतल्या दांड्या मातीत खोचून पाहणारेही आहेत. फुललेली दांडी मूळ धरण्याच्या भानगडीत पडत नाही, ती वाळते.

काश्या घ्या, शेवंतीच्या घेतो तशाच. एखाद्या ओळखीच्या बागेत दोन-तीन वर्षांचा गड्डा असेल तर सर्वांत उत्तम. नर्सरीतून घेत असाल तर फूल असताना पाहून ठेवा आणि रोप हिवाळ्याच्या शेवटी उचला. कारण ‘गोल्डन रॉड’ म्हणून पिवळ्या फुलाचं काहीही हातात पडू शकतं. ओळख अशी: पान भाल्यासारखं निमुळतं, कडेला बारीक दाते, आणि उलटं धरलं तर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना तिच्याबरोबर धावणाऱ्या आणखी दोन ठळक शिरा. फुलं अगदी बारीक, वाकलेल्या फांद्यांवर एकाच बाजूला दाटीनं बसलेली.

गड्डा खणला की मधला भाग जुना, लाकडी आणि बहुधा पोकळ झालेला दिसेल. तो टाकून द्या. मोह होतो, कारण तोच जाडजूड असतो. कामाच्या काश्या कडेच्या. बोटभर लांब, पेन्सिलीएवढी किंवा थोडी बारीक, टोकाला गुलाबीसर कोंब, खाली निदान तीन-चार पांढरी मुळं. नखानं हलकेच खरवडली तर आत ओलसर पांढरी दिसते. आतून तपकिरी असेल तर ती काशी कुजायला लागली आहे, घेऊ नका.

काढल्यावर ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि त्याच दिवशी लावा. आठ झाडांसाठी बारा काश्या घ्या.

सावध: ज्यांना गाजरगवतानं किंवा शेवंतीनं अंगाला खाज सुटते त्यांनी हातमोजे घालूनच काम करावं, हे झाड त्याच कुळातलं आहे. शिंकांचा आळ मात्र याच्यावर घेऊ नये. याचे परागकण जड आणि चिकट, ते मधमाश्यांच्या पायाला चिकटून जातात, वाऱ्यावर उडत नाहीत. त्याच सुमारास कुंपणापलीकडे फुललेलं गाजरगवत बघा, शिंका तिथून येत असतात.

## ३. पिशवीतले तीन महिने (फेब्रुवारी ते मे)

काश्या थेट वाफ्यात लावता येतात, पण मग एप्रिल-मेचं ऊन आणि पाण्याची ओढाताण दोन्ही अंगावर येतं. सांगली, तासगाव, आटपाडीकडे तर पिशवीच बरी.

सहा बाय आठ इंचाची काळी पिशवी घ्या, बुडाला आणि बाजूला भोकं पाडलेली. दोन भाग माती, एक भाग चाळलेलं कुजलेलं शेणखत, एक भाग जाडसर वाळू किंवा बारीक मुरूम. काशी उभी लावू नका. तिरकी ठेवा, कोंब मातीच्या पातळीला आणि मुळं खाली पसरलेली. कोंब दोन इंच खाली गाडला गेला की तो वर येईपर्यंत निम्मी ताकद संपते.

पिशव्या सकाळचं ऊन आणि दुपारची सावली अशा जागी. मार्चपर्यंत एक दिवसाआड पाणी, एप्रिलपासून रोज सकाळी. मेच्या पहिल्या आठवड्यात हळूहळू पूर्ण उन्हात सरकवा. सावलीतलं रोप एकदम वाफ्यात गेलं की पानं करपतात.

या काळात लाल कोळी येतो. पान वरून फिकट, ठिपक्या-ठिपक्यांचं दिसतं आणि खालून बारीक जाळी. सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोराचा फवारा तीन-चार दिवस सलग मारला की बहुधा आटोक्यात येतो.

एखाद्या रोपाला पिशवीतच कळी आली तर लगेच खुडा. इतकं कौतुक वाटतं की लोक ती ठेवतात, फोटो काढतात, आणि झाड तिथेच थांबतं.

तपासा: मेच्या अखेरीस पिशवीच्या भोकांतून पांढरी मुळं डोकावत असली पाहिजेत. नसतील तर लागण पंधरा दिवस पुढे ढकला.

## ४. वाफा आणि कड (एप्रिल-मे)

सर्वांत जास्त घाम इथे गाळा. पावसाळ्यात कुजणारी झाडं बहुतेक याच टप्प्यावर वाया गेलेली असतात.

काळ्या मातीत गादीवाफा फूटभर उंच, तीन फूट रुंद. खणलेल्या मातीत तिसरा हिस्सा लाल मुरूम मिसळा. नुसती नदीची माती किंवा गाळ घालू नका, तो पहिल्या पावसात पुन्हा घट्ट बसतो. साताऱ्याच्या मुरमाड, तांबूस मातीत सहा इंच उंची पुरते आणि मुरूम लागत नाही.

खताच्या बाबतीत हात आखडता घ्या. ऊसपट्ट्यातल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. माझी धाकटी बहीण सांगलीत विश्रामबागेला राहते. तिनं पहिल्या वर्षी कारखान्याची मळी टाकली, वर युरियाची मूठ. ऑगस्टमध्ये झाडं तिच्या खांद्याला लागली आणि एका रात्रीच्या पावसानं सगळी कुंपणावर आडवी. हे झाड गरीब जमिनीत गवताशी झगडत वाढणारं आहे, भरपेट जेवलं की दांडा पोकळ आणि लुसलुशीत होतो. सहा फूट लांबीच्या वाफ्याला पूर्ण कुजलेलं शेणखत दोन घमेली आणि झाडामागे मूठभर निंबोळी पेंड एवढं पुरे. युरिया नको, मळी नको, दर पंधरा दिवसांनी खताचं पाणीही नको.

शेणखत कच्चं असेल तर आणखी एक संकट: हुमणी, म्हणजे मुळं कुरतडणारी अळी. वळवाच्या पहिल्या पावसानंतर भुंगेरे बाहेर पडतात, कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि मातीत अंडी घालतात. कच्च्या खतात अळी आयतीच वाढते. खत आणलं की ताडपत्रीवर पातळ पसरून दोन दिवस उन्हात ठेवा. पांढऱ्या, इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या अळ्या दिसल्या की वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

आता कड. दोनशे लिटरचं निळं प्लॅस्टिक बॅरल घ्या, वरचं आणि खालचं तोंड कापा, मधोमध आडवं कापून दोन कडी करा. प्रत्येक कडं साधारण दीड फूट उंच निघतं. ते वाफ्यात असं गाडा की तीन इंच काठ मातीच्या वर राहील. काठ मातीच्या बरोबरीनं ठेवला तर काश्या वरून उडी मारून पलीकडे जातात, हे मी दोनदा पाहिलं आहे. एका कड्यात दोन झाडं. फरशीचे तुकडे उभे करून कड घालणारेही आहेत, पण दोन फरशांच्या सांध्यातून काशी बरोबर वाट काढते.

कुंडीत लावायचं असेल तर चौदा इंचाची कुंडी, एक झाड. कुंडी थेट मातीवर टेकवू नका. बुडाच्या भोकातून मूळ खाली उतरतं. विटांवर ठेवा.

तपासा: कडं गाडून झाल्यावर त्यात दोन बादल्या पाणी ओता. अर्ध्या तासानं वर तळं दिसत असेल तर कड्याच्या आतली माती काढून आणखी मुरूम मिसळा. हे आत्ताच करा, जुलैत करता येत नाही.

## ५. लागण (मेचा शेवट ते जूनची सुरुवात)

वळीव पडून माती एकदा चांगली भिजली आणि वाफसा आला, म्हणजे माती ओली पण हाताला न चिकटणारी झाली, की लागण करा. सातारा शहर, पाटण, वाई या बाजूला मोसमी पाऊस एकदा लागला की थांबत नाही, तिथे पाऊस लागण्याआधी दोन आठवडे रोप जमिनीत असलं पाहिजे, म्हणजे मूळ पकडतं. माण, खटाव, जत, आटपाडीकडे उलट: पहिल्या दोन पावसांची वाट पाहिली तरी चालतं.

संध्याकाळी लावा. पिशवी फाडताना मातीचा गोळा मोडू नका, मुळं गोल फिरलेली असतील तर बोटानं हलकेच सोडवा. पिशवीत जितकं खोल होतं तितकंच खोल. बुडाशी माती चढवून उंचवटा करा, आळं करू नका. आपल्याला कुठल्याही झाडाला आळं करायची सवय असते. पावसात त्या आळ्यात पाणी साचतं आणि कुजणं तिथून सुरू होतं.

लागणीच्या दिवशीच प्रत्येक कड्यात तीन बांबूच्या काठ्या रोवा, जमिनीच्या वर अडीच फूट राहतील अशा. नंतर रोवल्या की काश्या आणि मुळं तुटतात.

## ६. शेंडा खुडणं (जूनचा शेवट ते १५ ऑगस्ट)

झाड फूटभर झालं की वरचे दोन-तीन इंच नखानं खुडा. कात्री लागली तर समजा की उशीर झाला. आठ-दहा दिवसांत खालच्या पानांच्या बगलेतून चार-सहा फुटवे येतात. ते वीतभर झाले की त्यांचेही शेंडे एकदा खुडा, बहुतेक जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. अशा झाडाला दहा-पंधरा आटोपशीर दांडे येतात, उंची अडीच-तीन फुटांत राहते आणि काठीची गरज निम्म्यानं कमी होते.

शेवटची तारीख १५ ऑगस्ट. झेंडावंदन करून आलात की कात्री आत ठेवा. त्यानंतर दिवस भराभर लहान होत जातात आणि प्रत्येक शेंड्यात कळीची तयारी सुरू होते. ‘जरा जास्तच वाढलंय’ म्हणून गणपतीच्या आधी छाटणारे खूप आहेत, आणि ‘फूलच आलं नाही’ म्हणून दसऱ्याला विचारणारे तेच असतात. उशिरा जास्त उंच वाटलं तर बांधा, पण कापू नका.

जुलैतच एखाद्या दांड्यावर कळी दिसली तर तो दांडा निम्म्यावर कापा. त्याला पुन्हा फुटायला वेळ आहे.

सावध: पाऊस चालू असताना खुडू नका. ओल्या जखमेतून बुरशी आत जाते. सकाळपासून उघडीप असेल त्या दिवशी दुपारी खुडा.

## ७. पावसाळ्यात काय करायचं नाही

पाणी घालायचं नाही. सलग आठ दिवस उघडीप पडली आणि बोटभर खालची माती कोरडी लागली तरच द्या.

उसाच्या पाचटाचं आच्छादन या काळात काढून ठेवा. उन्हाळ्यात ते वरदान आहे, पावसात मात्र बुडाशी ओल धरून ठेवतं.

जमिनीलगतची सहा इंचांपर्यंतची पानं काढून टाका. चिखल उडतो, पानं चिकटतात, बुरशी तिथून वर चढते. प्रत्येक कड्यात हवा खेळली पाहिजे. फुटवे फार दाट झाले तर आतले बारीक दोन-तीन मुळाशी कापा.

एखादं झाड पावसातही दुपारी मान टाकत असेल तर हलकेच ओढून पाहा. सहज उपटून आलं आणि मुळं तपकिरी, बुळबुळीत असतील तर ते कुजलं आहे, औषधानं परत येत नाही. मातीसकट काढा. उपटून आलं पण मुळं कुरतडलेली दिसली तर हुमणी. तिथली माती वीतभर खोल उकरून अळ्या वेचा. दोन्हीत वरून दिसणारी लक्षणं सारखीच असतात, म्हणून मूळ पाहिल्याशिवाय फवारणीचा विचारही करू नका.

पानाच्या मागे नारिंगी पावडरीचे फोड आले तर तो तांबेरा. ती पानं खुडून जाळा. कोवळ्या शेंड्यावर मावा बसला तर पाण्याच्या फवाऱ्यानं धुवा. तरीही राहिला तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब, संध्याकाळी.

## ८. कळी ते फूल (सप्टेंबर ते नोव्हेंबर)

सप्टेंबरच्या मध्यावर दांड्याचं टोक जाड व्हायला लागतं आणि बगलेत हिरवे दाणे दिसतात. इथून पाण्याचा हिशोब उलटा फिरतो. पाऊस गेला, ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं, आणि कळीला ताण पडला तर दाणे पिवळे न होता तपकिरी होतात. काळ्या मातीत चार-पाच दिवसांनी, मुरमाड मातीत दोन-तीन दिवसांनी बुडाशी पाणी द्या. कुंडीला रोज. वरून शिंपडू नका.

काठ्यांना सुतळीचा एक फेरा फूटभर उंचीवर, दुसरा दोन फुटांवर. झाड आवळून झाडूसारखं बांधू नका, दांडे आत मोकळे हलले पाहिजेत.

द्राक्षपट्ट्यातल्या लोकांना भुरी सांगायला नको. दिवसा कोरडं, रात्री गार आणि पहाटे दव पडायला लागलं की खालच्या पानांवर पांढरी पावडर दिसते. दोन-चार पानांवर असेल तर ती काढून टाका. वाढत असेल तर पाण्यात विरघळणारं ऐंशी टक्के गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात, पण फुलं उमलण्याआधीच. पारा पस्तिशीच्या वर जाणार असेल त्या दिवशी गंधक मारू नका, पानं भाजतात. फुलं उमलल्यावर कसलाही फवारा नको. सातेरी आणि फुलोरी माश्या दिवसभर त्या झाडावर असतात.

घरात ठेवायला दांडे हवे असतील तर तुऱ्यातली तिसऱ्या हिश्शाएवढी फुलं उमलल्यावर सकाळी लवकर कापा. पाण्यात बुडणारी सगळी पानं काढा, पाणी एक दिवसाआड बदला. आठवडाभर राहतात. पूर्ण पिवळा झालेला दांडा कापला तर तिसऱ्या दिवशी टेबलावर भुसा पडतो.

तपासा: १० ऑक्टोबरपर्यंत एकाही दांड्यावर दाणे नसतील तर तीन प्रश्न विचारा. रात्री उजेड पडतो का? १५ ऑगस्टनंतर छाटलं का? नत्र जास्त झालं का? बहुतेक वेळा पहिल्या दोनांत उत्तर मिळतं.

## ९. म्हातारी उडण्याआधी (नोव्हेंबर-डिसेंबर)

पिवळा रंग विटून तुरा मातकट दिसायला लागला की त्याच आठवड्यात कापा. अजून पंधरा दिवस थांबलात तर पांढरी म्हातारी सुटते. एकाच गड्ड्यापासून केलेल्या सगळ्या काश्या म्हणजे एकच झाड असल्यामुळे त्यांच्यात बी कमी धरतं, पण पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या कुणाचं वेगळं झाड असेल तर माश्या ते काम करून टाकतात. भरवशावर राहू नका. कापलेले तुरे पिशवीत भरा आणि जाळा. कंपोस्टमध्ये टाकू नका.

दांडे जमिनीपासून दोन-तीन इंच ठेवून सगळे छाटा. यापुढे तो ऊसवाल्यांच्या भाषेत खोडवा, म्हणजे कापल्यावर बुडातून पुन्हा फुटणारं पीक. बुडाशी नव्या काश्यांची चपटी पानं जमिनीला चिकटलेली दिसतील. हिवाळाभर ती तशीच बसून राहतात, वर येत नाहीत. झाड आजारी नाही, दिवस लहान आहेत म्हणून थांबलंय. उगाच खत घालून उठवायला जाऊ नका. आता पाचटाचा दोन इंच थर पसरा, आठवड्याला एक पाणी. फेब्रुवारीच्या शेवटी घमेलंभर शेणखत, मार्चपासून उन्हाप्रमाणे पाणी वाढवा.

कड्यातलं झाड दोन वर्षं खोडवा ठेवता येतं. तिसऱ्या जानेवारीत पूर्ण खणून काढा, मधला लाकडी भाग टाका, कडेच्या काश्या निवडा आणि पुन्हा दुसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करा. न खणता ठेवलेला गड्डा मधून रिकामा होतो, फुलं कडेनं गोल येतात आणि दांडे बारीक पडतात.

## १०. पसरलेलं काढायचं असेल तर

वरून कापत राहून हे झाड मरत नाही. पाऊस संपून माती भुसभुशीत असताना कुदळीऐवजी खुरपं आणि हात वापरा. कुदळीनं काश्यांचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा नवं झाड. बाहेरच्या कडेपासून आत येत काढा. निघालेल्या काश्या ताडपत्रीवर पसरून कडक उन्हात आठवडाभर वाळवा, नखानं मोडल्यावर कटकन तुटायला लागल्या की जाळा. ओढ्यात, रस्त्याच्या कडेला, रिकाम्या प्लॉटवर फेकू नका, आणि घाटात सहलीला जाताना गाडीतून नेऊन टाकणं तर मुळीच नको.

त्या जागेवर दोन पावसाळे नजर ठेवा. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांनी राहिलेले कोंब गुलाबी टोकं वर काढतात. माती ओली असताना खाली बोट घालून ओढलं तर अख्खी काशी निघते. वाळल्यावर ओढलं तर तुटून निम्मी आत राहते.